सोयरिकीपूर्वी रक्ततपासणी



सानपाड्यातही सोयरीक जुळविताना पत्रिका आवर्जून पाहिली जाते. रक्त मात्र क्वचितच तपासले जाते. थॅलेसेमियाचा वाहक सर्वसाधारणपणे निरोगी असतो, म्हणूनच अहवाल हाती येताच दांपत्य हादरते. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा बालकास दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावे लागते.

अनेकांना ही गोष्ट गरोदरपणातच कळते. मग दोषाचे बोट सुनेकडे वळते. वास्तविक हा वारसा माता व पिता या दोघांकडूनही येतो. पुढे गर्भपरीक्षण, आणि गर्भ बाधित निघाल्यास अहिंसेचे संस्कार लाभलेल्या मातापित्यांपुढे दारुण धर्मसंकट!

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी ही संस्था अशा रक्तविकारांवर संशोधन करते. वाहक ओळखण्यास एचबीए-२ ही साधी रक्ततपासणी बहुधा पुरेशी ठरते. एकच जोडीदार वाहक असल्यास विवाहास आडकाठी नाही. म्हणून अहवाल दडवू नये, वाहकास रोगी म्हणू नये आणि साखरपुड्यापूर्वीच तपासणी करावी, हीच समाजास नम्र विनंती.