रक्ताचा आकडा आणि घरचा हिशोब

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी भिवंडीचा. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. आज मी एका छोट्या यंत्राबद्दल बोलणार आहे. साखर मोजायचे ग्लुकोमीटर आता घरोघरी असते. तसेच हातात मावणारे एक यंत्र रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजते. बोट टोचायचे, थेंब पट्टीवर लावायचा, मिनिटाभरात आकडा येतो. या आकड्याला 'आयएनआर' म्हणतात.

हा आकडा आमच्या घरात आला तो २०१४ साली. माझ्या पत्नीला लहानपणी सांधेतापाचा आजार झाला होता. सांधे बरे झाले, पण हृदयाची मिट्रल झडप खराब झाली. मुंबईत शस्त्रक्रिया होऊन धातूची झडप बसवली. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. आपल्याकडे बहुधा असिट्रॉम किंवा वॉरफेरिन देतात. वॉरफेरिन १९४८ साली उंदीर मारायचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले. यावरून मात्रा किती जपून ठरवावी लागते, ते कळेल. गोळी न घेणाऱ्याचा आयएनआर एकच्या आसपास असतो. मिट्रल जागी धातूची झडप असेल तर तो साधारण अडीच ते साडेतीन ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची.

आणि हा आकडा एका जागी राहत नाही. मेथी-पालक जास्त खाल्ला की तो उतरतो. श्रावणात उपवास लागले, जेवण बदलले की हलतो. दुसरी औषधे सुरू झाली की उडी मारतो. २०१७ च्या पावसाळ्यात पत्नीचे पोट बिघडले. घरात मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या होत्या, त्या तिने चार दिवस घेतल्या. बाहेर पाणी भरलेले, त्यामुळे त्या महिन्याची तपासणी राहून गेली. एके सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागले, ते थांबेना. "अहो, हे काही बरं दिसत नाही," एवढेच ती म्हणाली. प्रयोगशाळेत आकडा सहाच्या वर निघाला. दोन दिवस रुग्णालयात काढून ती सुखरूप घरी आली. तेव्हाच मी ठरवले, यंत्र घ्यायचे.

पहिली चूक तिथेच केली. नव्या यंत्राची किंमत पाच आकडी. म्हणून ओळखीने एक वापरलेले यंत्र घेतले आणि कुणाकडून तरी बिलाशिवाय स्वस्तात पट्ट्या घेतल्या. एप्रिल महिना होता. पहिली पट्टी लावली, यंत्राने चूक दाखवली. दुसरी, तिसरी, तेच. या पट्ट्या उन्हाने खराब झाल्या की चांगली यंत्रे आकडा देतच नाहीत. माझे पैसे गेले, पण खोट्या आकड्यावर गोळी कमी-जास्त झाली नाही, हे नशीब.

मग मी खडू सोडून कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तो हिशोब तुम्हाला सांगतो. रकमा समजुतीसाठी धरल्या आहेत, तुम्ही आपल्या बाजारभावाच्या घाला. समजा यंत्र ५०,००० रुपयांचे आहे आणि पाच वर्षे चालले. म्हणजे साठ महिने, महिन्याला ८३३ रुपये. हा झाला यंत्राचा खर्च. पण खरा खर्च पट्टीचा. एक पट्टी एकदाच वापरता येते आणि ती बऱ्याचदा प्रयोगशाळेच्या एका तपासणीपेक्षा महाग पडते. चोवीस पट्ट्यांचा डबा घेतला, महिन्याला दोन वापरल्या, तर तो वर्षभर पुरेल. पण डब्यावरची मुदत आठच महिन्यांची उरली असेल तर सोळाच वापरल्या जातील, आठ फुकट जातील. म्हणजे पट्टी दीडपट महाग पडली. दुकानदार 'स्वस्तात देतो' म्हणाला की आधी मुदत पाहावी, ती यासाठी.

दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेची फी, रिक्षा, आणि रुग्णाबरोबर जाणाऱ्याचा बुडालेला रोज. कारखान्यात तो अर्धा दिवस कोणी भरून देत नाही. हे सगळे मांडून पाहा. आकडा स्थिर असेल आणि प्रयोगशाळा जवळ असेल तर यंत्र परवडत नाही, असेही उत्तर येईल. ते मान्य करावे.

त्याच्याही आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: मला हीच गोळी लागते का? हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या पुष्कळ रुग्णांना आता नव्या गोळ्या चालतात, त्यांना आयएनआर मोजावा लागत नाही. मग यंत्रच नको. मात्र धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. सांधेतापाने झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्यांवरचा चोवीस देशांतला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही जुनीच गोळी सरस ठरली. तेव्हा आपल्या मनाने गोळी बदलू नये.

यंत्र घ्यायचेच ठरले, तर आधी पट्टीची चौकशी करावी, यंत्राची नंतर. पट्ट्या ठाण्यात, कल्याणात किंवा मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटला कोण देतो, डबा कितीचा, दर महिन्याला मिळतील का? दोन-तीन ठिकाणी भाव विचारावा. छापील किमतीवर घासाघीस होते, लाजू नये. बिल घ्यावे, त्यावर बॅच नंबर असावा. सप्टेंबर २०२५ मध्ये वैद्यकीय साधने आणि तपासणी संचांवरचा जीएसटी ५ टक्के झाला, तेव्हा जुन्या भावाने माल गळ्यात मारत नाहीत ना, ते पाहावे. काही यंत्रांत प्रत्येक बॅचच्या पट्ट्यांबरोबर एक चिप येते. नवा डबा उघडला की चिपही बदलावी लागते.

परदेशातल्या नातेवाइकांकडून जुने यंत्र येत असेल तर मॉडेल तपासा. अमेरिकेत २०१६ मध्ये आयएनरेशिओ नावाचे यंत्र कंपनीने बाजारातून काढून घेतले. असे यंत्र फुकट मिळाले तरी उपयोगाचे नाही. २०१८ मध्ये कोॲग्युचेक यंत्राच्या पट्ट्यांच्या काही बॅचेस तिथे परत मागवल्या गेल्या, कारण साडेचारच्या वरचा आकडा त्या खऱ्यापेक्षा जास्त दाखवत होत्या. बिल आणि बॅच नंबर जपून ठेवायचा तो यासाठीच.

आता साठवण. बऱ्याच वापरातल्या पट्ट्या २ ते ३० अंशांत ठेवाव्या लागतात. आपल्या भिवंडीत एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तीस अंश रात्रीसुद्धा मिळत नाहीत. डबा फ्रीजमध्ये ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. मागवताना उन्हाळ्यातले कुरिअर टाळावे, शक्यतो दुकानातून हातोहात आणावे. पट्टी काढली की डब्याचे झाकण लगेच लावावे. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडा करावा, बोट पिळू नये, पहिलाच थेंब लगेच लावावा. यंत्र आले की पहिल्यांदा त्याच दिवशी प्रयोगशाळेतही तपासून दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवावेत, आणि अधूनमधून हा ताळा पुन्हा घ्यावा. आकडा चारच्या वर आला तर डॉक्टरांना फोन करून प्रयोगशाळेत खात्री करावी. गोळीची मात्रा आपण ठरवू नये.

एवढे करूनही यंत्र मला एकट्याला परवडेना. प्रयोगशाळेच्या बाकावर भेटणारे आम्ही पाच जण होतो. आमच्या फॅमिली डॉक्टरांपुढे मी हिशोब ठेवला. ८३३ चे पाच वाटे केले तर प्रत्येकी १६७. महिन्याला दहा पट्ट्या लागतील, चोवीसचा डबा अडीच महिन्यांत संपेल, मुदतीची भीती नाही. डॉक्टर म्हणाले, "सर, यंत्र माझ्या दवाखान्यात राहील. पण घरोघरी फिरवायचं नाही." त्यांनी दवाखान्यात वापरायचे मॉडेल घ्यायला लावले. प्रत्येकाला नवी सुई, तीही एकदाच वापरायची, आणि दर वेळी यंत्र जंतुनाशकाने पुसायचे. रक्तातून पसरणाऱ्या आजारांमुळे इथे काटकसर करायची नाही. पत्नीचा आकडा आता श्रावणातही दर पंधरा दिवसांनी कळतो. एकदा साडेचारला आला, प्रयोगशाळेत खात्री करून डॉक्टरांनी मात्रा कमी केली आणि पुढचे सगळे टळले.

पण पाचांतला एक सुटला. यंत्रमागावर काम करणारा तरुण. वाटा त्याने कसाबसा भरला, पण दोन महिने मुलुखाला गेला की तिथे ना यंत्र ना प्रयोगशाळा. परत आला तेव्हा आकडा दीडवर होता. आम्ही त्याचा वाटा माफ केला, तरी त्याच्या गावाचे काय, याला माझ्याकडे उत्तर नाही.

महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झडपेची शस्त्रक्रिया होते, ही मोठी गोष्ट आहे. पण झडपेमागून येणारी जन्मभराची मोजणी बहुतेक घरावरच पडते. २०२१ मध्ये केंद्राने ग्लुकोमीटर, रक्तदाबमापक यांसारख्या पाच साधनांवरच्या नफ्याला मर्यादा घातली, त्या पाचांत हे यंत्र नव्हते. अमेरिकेत मेडिकेअर २००२ पासून धातूच्या झडपेच्या रुग्णांना घरच्या तपासणीचा खर्च देते. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्या मंडळांनी वर्गणीतून रुग्णवाहिका घेतल्या, त्यांनी एखाद्या विश्वासू दवाखान्यात असे एक यंत्र ठेवावे. वर्षाचा पट्ट्यांचा खर्च किती येईल, तो हिशोब करून द्यायला मी केव्हाही येईन.