फळातील जीव आणि श्रावकाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर या पंचोदुंबर फळांचा त्याग आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात मद्य, मांस व मधु यांच्या त्यागासोबतच सांगितला आहे. ज्याने एकदा उंबर फोडून पाहिले, त्यास कारण विचारावे लागत नाही. या फळाची फुले आतच दडलेली असतात आणि परागीभवन करणारा चिमुकला कीटक तेथेच अंडी घालतो.

आंबा व पेरू भक्ष्य खरे. परंतु म्हणून ते निर्जंतुक ठरत नाहीत. फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीला सूक्ष्म छिद्र पाडून आत अंडी घालते. थोड्याच दिवसांत त्यांतून अळ्या निघून गर पोखरू लागतात. म्हणूनच फळे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा घरोघरचा उपाय दोन्हीकडून चुकतो. सालीखालचे अंडे धुण्याने निघत नाही, आणि सालीवर चुकून बसलेल्या निरपराध जिवाचे प्राण मात्र जातात.

फळ चिरावे, उजेडात शोधावे, मगच ताटात घ्यावे. अख्खा पेरू दाताने तोडण्याची सवय श्रावकाच्या घरी नसावी, मग तो कितीही गोड असो! अळी आढळल्यास ती फोडीसह सावलीतील मातीवर ठेवावी, कारण ती कोष मातीतच करते. पावसाळी पेरूत हा उपद्रव फार, हिवाळी बहारात त्या मानाने कमी. चातुर्मासात पेरू वर्ज्य केला तर जिभेचे काय मोठे बिघडते?

अधिक कठीण प्रश्न बागायतदार श्रावकापुढे उभा राहतो. मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात फळमाशीचे नर गंधाने ओढले जाऊन मरतात. माशी चतुरिंद्रिय त्रसजीव आहे, आणि इकडे वर्षाचे उत्पन्न पणाला लागलेले असते. शेतीतील हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. तथापि फळ पक्व होण्याच्या कितीतरी आधी त्यावर कागदी पिशवी बांधली, तर माशीला अंडी घालण्यास जागाच मिळत नाही. तेथे जीव उपजत नाही, म्हणून मारावाही लागत नाही. कोकणातील आंबा बागायतदार ही पद्धत वापरतात. मजुरी वाढते, उंच झाडावर हात पोहोचत नाही, या अडचणी खऱ्याच आहेत. पण पेरूची बुटकी बाग ज्याची आहे, त्याने येत्या बहारात निदान एका ओळीपासून आरंभ करावा.