समुद्री सशाचे कुरण



तापीच्या खोऱ्यात बसून समुद्रातल्या जिवावर बोलतो आहे, त्याला कारण आपल्या पायाखालचा दगड. अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या कातळात कोरली, तोच कातळ मुंबई, अलिबाग, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर थेट समुद्रात उतरला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड. ओहोटी लागली की त्याच्या खळग्यांत पाणी मागे राहते. अशा उथळ पाण्यात समुद्री ससा चरतो.

हा गोगलगाईच्या कुळातला. शंख मात्र झिजून पातळ पापुद्र्याएवढा उरला आणि बहुतेक जातींत तोही अंगात दडला. डोक्यावर वास घेणारी दोन शिंगे उभी असतात. ती सशाच्या कानांसारखी दिसतात, म्हणून हे नाव.

तो मुख्यतः शेवाळ खातो. शेवाळाला ऊन लागते, म्हणून खोल अंधाऱ्या समुद्रात याचे भागत नाही. पावसाळ्यात किनारा खवळलेला आणि पाणी गढूळ असते. पाऊस सरला, पाणी निवळले की कातळावर हिरवी, तांबडी, तपकिरी शेवाळे माजतात. मुंबईत 2017पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमातली मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना अशा खडकांवर नेऊन तिथले जीव दाखवीत आहेत. एवढ्या गर्दीच्या शहराला लागून इतके जीव राहतात, हे अनेक मुंबईकरांनाही त्यामुळेच कळले.

या प्राण्याजवळ जे आहे, त्यातले बरेच काही त्याच्या कुरणातून आलेले आहे. शत्रूने धरले की तो जांभळा रंग सोडतो. हा रंग तांबड्या शेवाळातल्या द्रव्यापासून होतो. हिंदी महासागरातल्या एका समुद्री सशात डोलास्टॅटिन नावाचे विषारी द्रव्य सापडले. पुढे कळले, की ते तयार करतात त्याच्या खाण्यात येणारे सूक्ष्म नीलहरित जीव. त्याच द्रव्याच्या धर्तीवर बनवलेले रसायन आज लिम्फोमा या कर्करोगावरच्या औषधात आहे. अमेरिकेत 2011 साली त्या औषधाला मान्यता मिळाली.

त्याचे आणखी एक ऋण आपल्यावर आहे. कॅलिफोर्नियातल्या समुद्री सशाच्या मज्जासंस्थेत अवघ्या वीस हजारांच्या आसपास पेशी, त्यातल्या काही नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी त्यांवर प्रयोग करून, शिकताना पेशींमधले दुवे कसे बदलतात आणि स्मृती कशी टिकते, ते दाखवले. 2000 सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी.

प्रत्येक समुद्री ससा एकाच वेळी नर आणि मादीही असतो. शेवयांच्या गुंत्यासारखी अंड्यांची लांब माळ तो शेवाळात घालतो. आयुष्य साधारण वर्षभराचे. म्हणजे पुढची पिढी येणार, ती तेवढ्या मुदतीतच, आणि तीही कुरण शाबूत असेल तरच. खडकावर भराव पडला, सांडपाणी साचले, तर शेवाळ जाते आणि त्यामागोमाग ससाही जातो. एखाद्या प्राण्याला उचलून दुसरीकडे सोडल्याने तो वाचत नाही. त्याची जागा वाचवावी लागते.

खानदेशातून दरवर्षी कितीतरी कुटुंबे कोकणात जातात. जाल तेव्हा वाळूवरच थांबू नका. स्थानिक कोळी बांधवांना ओहोटीची वेळ विचारा आणि मुलांना घेऊन कातळापाशी जा. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा, कोणताही जीव घरी आणू नका. आणि किनाऱ्यावर भराव घालण्याची गोष्ट निघेल, तेव्हा ‘नुसता खडक तर आहे’ असे कुणालाही म्हणू देऊ नका.