उसनं पोटॅशियम

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या 'आरोग्य संध्या' कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो, एवढीच माझी पदवी. तरीही जी चूक करू नका म्हणून गिऱ्हाइकांना सांगायचो, तीच मी स्वतः केली. तेवढं आज सांगतो.

वजन कमी करायची टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही आठवड्याची इंजेक्शनं २०२५ साली आपल्याकडे आली. डॉक्टरांच्या सल्ल्याने मीही सुरू केलं. भूक मेली. दोन पोळ्यांची अर्धी झाली, पाणीही कमी जायला लागलं. महिन्याभरात थकवा आला आणि रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले.

कट्ट्यावर निदान झालं, "पोटॅशियम कमी झालंय!" एका मित्राने घरात उरलेली पोटॅशियम क्लोराइडच्या सिरपची बाटली आणून दिली. मी दोन वेळा सिरप, दोन वेळा नारळपाणी आणि 'हार्टला चांगलं' म्हणून कमी सोडियमचं मीठ सुरू केलं. त्या मिठातही पोटॅशियमच असतं!

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी रक्त तपासलं. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं, माझं ५.८ निघालं. लगेच ईसीजी काढला, तो सुदैवाने ठीक होता. फार वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, प्रसंगी थांबवतंही.

झालं काय होतं? बीपीसाठी मी टेल्मिसार्टन घेतो. ते शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं. पाणी कमी, म्हणून किडनीवर ताण. त्यात वरून मी तीन वाटांनी भर घातली. सगळं बंद केलं, पाणी वाढवलं, आठवड्याने आकडा ४.७ वर आला.

याची दुसरी बाजूही आहे. इंजेक्शनमुळे उलट्या-जुलाब होत राहिले, किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असली, तर पोटॅशियम खरोखर घटू शकतं. तेव्हा डॉक्टर सिरप देतात आणि ते घ्यायलाच हवं. पंचाईत अशी, की अशक्तपणा आणि धडधड कमी पोटॅशियमनेही होते आणि जास्तीनेही. कट्ट्यावर ते ओळखता येत नाही. त्याला रक्ताची तपासणीच लागते.

मग करायचं काय? किडनी ठणठणीत असेल तर पोटॅशियम ताटातून मिळवा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३,५०० मिलिग्रॅम लागतं. एका केळ्यात सुमारे ४०० असतं. भूक थोडीच असेल तर फरसाण-बिस्किटांवर घालवू नका. वरण, उसळ, पालेभाजी, ताक आधी घ्या. पाणी घोटघोट पीत राहा. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र नारळपाणीसुद्धा विचारूनच घ्यावं. उलट्या दिवसभर थांबल्या नाहीत तर डॉक्टरांना फोन करा. आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी खिशात ठेवा.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या दारात वाटी घेऊन उभे राहिलो. साखर, विरजण, कढीपत्ता, काय नाही मागितलं! ते असंच चालू राहू दे. फक्त औषधाची बाटली तेवढी कुणी कुणाला उसनी देऊ नका.