प्लगिनची सनद



‘सी’ भाषेतला प्रोग्रॅम कंपाइल होऊन व लिंक होऊन सिद्ध झाला म्हणजे त्याचे दप्तर बंद झाले, त्यात पुढे अक्षरही वाढवता यायचे नाही, अशी समजूत विद्यार्थिदशेत आपल्यापैकी अनेकांची होऊन बसते. ती खोटी ठरवणारी तजवीज सनओएस या प्रणालीत उदयास आली आणि पुढे २००१ च्या पॉझिक्स प्रमाणात तिला अधिकृत स्थान मिळाले. चालता प्रोग्रॅम ‘डीएलओपन’ला फाइलीचे नाव देतो, ती फाइल स्मृतीत रुजू होते, आणि ‘डीएलसिम’ला फंक्शनचे नाव सांगताच त्याचा पत्ता हाती पडतो. (नावात तिरकी रेघ नसेल तर शोध ठरावीक ठिकाणीच होतो, शेजारच्याच फाइलीसाठी नवशिका तासभर खोळंबतो तो यामुळे.)

परंतु हा पत्ता म्हणजे निव्वळ पत्ता. त्या फंक्शनला किती आर्ग्युमेंट्स हवीत, कोणत्या जातीची हवीत, याविषयी ‘डीएलसिम’ मौन पाळते. आणि एरवी शब्दाशब्दाला हरकत घेणारा कंपायलर, यजमान प्रोग्रॅम व आगंतुक फाइल, म्हणजेच प्लगिन, यांची गाठ पडते त्या घटकेला हजरच नसतो. माझ्या एका प्रोग्रॅमात सामायिक स्ट्रक्चरच्या मध्यभागी मी एक रकाना वाढवला, प्लगिन मात्र जुन्या हेडरवर कंपाइल झालेले राहिले, आणि कोठेही तक्रार न उमटता चार दिवस बेरजा चुकत राहिल्या.

यावरचा उपाय अपाची या वेबसर्व्हरच्या कर्त्यांनी फार पूर्वी योजला. तेथे ‘लोडमॉड्यूल’ या एका ओळीने मॉड्यूल नेमले जाते. परंतु प्रत्येक मॉड्यूलच्या स्ट्रक्चरमध्ये एक शिक्का असावा लागतो, जो २.४ आवृत्तीत ‘एपी२४’ या चार अक्षरांचा आहे, आणि तो जुळला नाही तर सर्व्हर ती नेमणूक नामंजूर करतो. सनदेवरील मोहोर पाहिल्याखेरीज कारभार सोपवू नये, हा शिरस्ता प्रत्येक यजमानाने पाळावा.

तथापि या मोहोरेची मर्यादाही ओळखली पाहिजे. फाइलीत कन्स्ट्रक्टर फंक्शने असतील, तर ती ‘डीएलओपन’ परत येण्याच्या आधीच चालून जातात. म्हणजे सनद मागण्यापूर्वीच पाहुणा, यजमानाचे सारे अधिकार घेऊन, माजघरात फिरून आलेला असतो. मोहोर चुकीपासून वाचवते, कपटापासून नव्हे. म्हणून फाइल कोणत्या डिरेक्टरीतून यावी आणि तेथे लिहिण्याचा परवाना कोणाला असावा, ही चौकशी कोडाच्या बाहेर, आणि आधी, व्हावी लागते.

‘डीएलओपन’ला फंक्शनांचे पत्ते पहिल्या हाकेला जोडायला सांगावे (‘लेझी’) की फाइल रुजू होतानाच (‘नाऊ’), या वादात मी निःसंशय ‘नाऊ’च्या बाजूचा आहे, फंक्शनांची उणीव दारातच कळावी, मध्यरात्री पहिल्या हाकेला प्रोग्रॅम कोसळून नव्हे.

राहता राहिले रुजू झालेली फाइल उतरवण्यासाठीचे ‘डीएलक्लोज’. ज्याने आपल्या फंक्शनांचे पत्ते यजमानाच्या वहीत ठिकठिकाणी नोंदवून ठेवले आहेत, अशा प्लगिनला बडतर्फ करून त्याची स्मृती परत घेतली, तर त्यांपैकी एका पत्त्यावर पुढे गेलेली हाक प्रोग्रॅमचा घात करते. ‘मसल’ या सी-लायब्ररीत ‘डीएलक्लोज’ आहे, पण ते काहीच उतरवत नाही. माझ्या प्रोग्रॅमांत मी ते लिहिणेच सोडले आहे.