दोषी जिवाणूचा शोध : जर्मनीतील साथीचा धडा

पंगतीत जेवलेली माणसे आजारी पडली की पहिला प्रश्न उपस्थित होतो : काय खाल्ले? प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर मिळविणे सोपे नसते. घाईने दिलेले उत्तर रोगाइतकेच हानिकारक ठरू शकते. २०११ साली जर्मनीत उद्भवलेली साथ या दृष्टीने बोधप्रद आहे.

त्या वर्षी मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्तमिश्रित अतिसाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. अनेकांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून मूत्रपिंडे निकामी झाली. हा विकार एरवी प्रामुख्याने लहान मुलांत आढळतो. येथे मात्र बहुसंख्य रुग्ण प्रौढ होते व त्यांत स्त्रिया अधिक होत्या. जुलैअखेर साथ संपली, तेव्हा सुमारे ३,८०० लोक बाधित झाले होते आणि पन्नासहून अधिक दगावले होते.

रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांतून प्रयोगशाळांनी एशेरिकिया कोलाय हा जिवाणू वेगळा केला. या जातीचे असंख्य जिवाणू माणसाच्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहतात. त्यामुळे जात कळून भागत नाही, प्रकार ओळखावा लागतो. हा जिवाणू ओ १०४ : एच ४ या प्रकारचा व शिगा विष निर्माण करणारा असल्याचे सिद्ध झाले.

याच सुमारास हॅम्बुर्गच्या बाजारातील स्पॅनिश काकड्यांत विषकारी ई. कोलाय सापडला. २६ मे रोजी काकडीवर जाहीर ठपका आला. पुढील तपासणीत तो जिवाणू वेगळ्याच प्रकारचा निघाला. काकडी निर्दोष ठरली. पण तोवर शेतकऱ्यांचा माल मातीमोल झाला होता. भाजी उत्पादकांच्या भरपाईसाठी युरोपीय संघाला २१ कोटी युरोंहून अधिक रक्कम द्यावी लागली.

खरा माग लागला तो चौकशीच्या शिस्तीमुळे. रुग्णांना कोशिंबिरीवर पेरलेले मोड आठवत नव्हते. म्हणून रॉबर्ट कॉख संस्थेच्या तपासनिसांनी एका उपाहारगृहात जेवलेल्या गटांतील आजारी व निरोगी अशा सर्वांची चौकशी केली आणि कोणत्या पदार्थात काय घातले होते, हे स्वयंपाक्यांना विचारले. मोड खाणाऱ्यांत आजाराचा संभव सुमारे चौदापट आढळला. १० जून रोजी मोडांवर ठपका निश्चित झाला. त्याच महिन्यात फ्रान्समधील बोर्दोजवळ असेच रुग्ण आढळले. दोन्ही ठिकाणचा समान दुवा इजिप्तहून आलेले मेथीचे बी हा होता. त्या बियांत जिवाणू प्रत्यक्ष सापडला नाही. तरीही पुराव्यांची साखळी तेथवर पोहोचली.

महाराष्ट्रातील शाळा, आश्रमशाळा व ग्रामपंचायती यांनाही यातून कार्यपद्धती घेता येईल. विषबाधेचा संशय येताच रुग्णांवर त्वरित उपचार करवून प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. उरलेले अन्न फेकू नये. झाकून थंड जागी ठेवावे. प्रतिजैविक देण्यापूर्वी शौचाचा नमुना घेतला जाईल असे पाहावे, मात्र त्यासाठी उपचार खोळंबू नयेत. जेवलेल्या सर्वांची, म्हणजे आजारी न पडलेल्यांचीही, यादी करावी आणि प्रत्येकाने काय व केव्हा खाल्ले ते लिहावे. मोड कच्चे खाण्यापेक्षा त्यांची नीट शिजवलेली उसळ अधिक सुरक्षित.

अहवाल येईपर्यंत स्वयंपाकीणबाईंवर वा भाजीवाल्यावर दोषारोप करू नये. संशयित अन्न थांबविणे हे कर्तव्य आहे; पुराव्याविना माणसाला दोषी ठरविणे हा अन्याय आहे.