पहिली तक्रार कुणाची?



पाटीवर ‘जावा’ वाचून पुढच्या दोन रांगा भरल्यात, असं आत्ताच कानावर आलं. (हशा) मोटारसायकलवर बोलायला मलाही आवडलं असतं. किक मारून झाली की तोच दांडा गिअरचा व्हायचा, आठवतंय? पण ती सुरू झाली नाही तर आपण इंजिन उतरवायचो का? आधी प्लग काढून बघायचो. आज मला एवढंच सांगायचंय.

लिनक्सवर जावाचं एखादं ॲप्लिकेशन खिडकी उघडायच्या आधीच कोसळतं आणि म्हणतं, ग्राफिक्स कॉन्टेक्स्ट तयार करता आला नाही. कॉन्टेक्स्ट म्हणजे प्रोग्रामला चित्र काढता यावं म्हणून ड्रायव्हरनं मांडून दिलेली बैठक. त्यात जास्त वेळ घालवत नाही. तो जावाच्या घरचा नसतो, एवढं लक्षात ठेवा. जावा मागते लायब्ररीकडे, लायब्ररी पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या एक्स सर्व्हरकडे आणि ओपनजीएलच्या ड्रायव्हरकडे, ड्रायव्हर कर्नलकडे. एक्स १९८४ साली एमआयटीत सुरू झालं, जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्समधून बाहेर आली. म्हणजे हे सासर सुनेपेक्षा जुनं! कुठेही खोट असो, बोंब तिच्याच नावानं. आणि आपण काय करतो? जावा काढतो, पुन्हा टाकतो.

माझ्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत ती तीनदा टाकली. नवाकोरा लिनक्स, हौसेनं अगदी मोजकंच सामान घेऊन बसवलेला. त्यावर ठोकळ्यांचा एक जुना खेळ चालेना. पडद्यावर ‘ॲरे इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स’, पुढे शून्य. आता शून्य म्हणजे यादीतली पहिली जागा. तीच सापडेना! सभेपुढे एकही ठराव नाही आणि चिटणीस म्हणतोय, पहिला ठराव वाचा. (हशा) चिटणीससाहेब, तुम्हाला नाही म्हणत.

यादी रिकामी का? मी खेळ टर्मिनलमधून चालवला आणि त्याच्या पोटातल्या ग्राफिक्सच्या लायब्ररीला डीबगची सूचना देऊन बोलकं केलं. तेव्हा कळलं की पडद्याची मापं विचारायला ती ‘एक्स-रँड-आर’ नावाचा छोटा प्रोग्राम बोलावते आणि त्याचं उत्तर वाचून यादी करते. तो या मशीनवर टाकलेलाच नव्हता. लायब्ररीनं ही तक्रार मुकाट्यानं गिळली आणि रिकाम्या यादीतून पहिलं माप उचलायला गेली. पहिली चूक गप्प, दुसरी ओरडतेय. प्रोग्राम टाकला, खेळ सुरू झाला. ताई तोवर तीन वेळा जेवायला हाक मारून गेली होती.

हे दोन मिनिटांत आटपायचं होतं. चिठ्ठी आलीये... वेळेची नाही. ‘वेलँड आल्यावर हे सगळं संपलं ना?’ वेलँड म्हणजे एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था. पण नाही संपलं! जावाची बहुतेक डेस्कटॉप ॲप्लिकेशन्स तिथेही एक्सवेलँडच्या मध्यस्थीनंच चालतात. मी जुनाट असेन, पण हा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

बरं, आयकॉनवर क्लिक केलंत तर पहिली तक्रार बहुधा दिसतच नाही. टर्मिनलमधून चालवा. ‘लिबजीएल-डीबग’ला ‘व्हर्बोज’ करा. ‘जीएलएक्स-इन्फो’मध्ये रेंडररपुढे ‘एलएलव्हीएम-पाइप’ दिसलं, तर चित्रं कार्ड काढत नाहीये, प्रोसेसर घाम गाळतोय. ‘एसडब्ल्यू-रास्ट ड्रायव्हर लोड झाला नाही’ असं आलं, तर ॲप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये सी प्लस प्लसची जुनी लायब्ररी आहे का बघा. सिस्टिमचा ड्रायव्हर नवी मागतो आणि त्याच्या हाती ही जुनी पडते. ती फाइल तात्पुरती बाजूला ठेवून बघा, पुसू नका.

आता ही मात्र वेळेचीच चिठ्ठी. भराभर सांगतो. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनं गेलात आणि ‘डिस्प्ले’ रिकामा असला, तर खिडकी उघडायला पडदाच नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर अपडेट केला पण मशीन रीस्टार्ट केलं नाही, तर कर्नलमध्ये जुना आणि डिस्कवर नवा. दोघांचं पटत नाही. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, कॉन्टेक्स्ट एका वेळी एकाच थ्रेडचा असतो. दुसऱ्या थ्रेडमधून चित्र काढायला गेलात तर...

घंटाही झाली. मागे तो निळ्या शर्टातला मुलगा केव्हाचा हात वर करून उभा आहे. बोल रे. काय? आधी जावा पुन्हा टाकून बघू का? (प्रचंड हशा)

लॅपटॉप आणलायस? मग खाली चहाच्या टपरीपाशी थांब, मी आलोच.